आढी, क्लोजर आणि स्मूश

मे महिन्यात हेदवीला येणारे पाहुणे दशभुजा गणपतीचं दर्शन घेतात, भरतीची वेळ साधून बामणघळीतलं उसळणारं पाणी बघतात आणि निघतात. सुट्टीवर आलेल्या प्रोग्रामर पुतण्याची एवढ्यावर सुटका नसते. काका त्याला आंब्यांच्या आढीपाशी बसवतात. "पिकलेले तेवढे काढ. डागी बाजूला. उरलेले परत पेंढ्यात."

पुतण्या कुरकुरतो, पण काम त्याच्या ओळखीचं निघतं. आढी उपसायची रीत एकच, बदलतो तो निकष. 1970 च्या दशकात झेरॉक्स पार्कमध्ये घडलेल्या स्मॉलटॉक भाषेत हेच होतं: यादीवरून फिरायचं काम यादीचं, प्रत्येक वस्तूचं काय करायचं ते तुम्ही ब्लॉकमध्ये, म्हणजे कोडच्या तुकड्यात, बांधून द्यायचं. निवडायला 'सिलेक्ट', वगळायला 'रिजेक्ट', पहिली सापडेल ती उचलायला 'डिटेक्ट'. 1995 मध्ये आलेल्या रूबीने तर कमाल केली. आपल्या वस्तूला फक्त 'ईच' शिकवा आणि 'एन्युमरेबल' जोडा, बाकीच्या पद्धती फुकट.

अशा बांधून दिलेल्या तुकड्याला क्लोजर म्हणतात. हे नाव पीटर लँडिनने 1964 मध्ये दिलं. क्लोजर जिथे तयार झाला तिथल्या गोष्टी बरोबर घेऊन फिरतो. काकांचा निकषही तसलाच. वाशीच्या बाजारातून दलालाचा फोन येऊन गेला की 'पिकलेला' कशाला म्हणायचं तेच बदलतं, आणि आढीतल्या आंब्यांना त्याचा पत्ता नसतो. (आंब्याच्या आतला साका, म्हणजे खराब झालेला गर, मात्र कुठल्याच क्लोजरला बाहेरून दिसत नाही.)

तयार पद्धती पुरत नाहीत तेव्हा खरी गंमत सुरू होते. रूबी, स्विफ्ट, कोटलिन या भाषांत दुसऱ्याने लिहिलेल्या यादीलाही आपली पद्धत चिकटवता येते. हौशी माणसाला आणखी काय हवं?

जावास्क्रिप्टमध्ये मूटूल्स या लायब्ररीने ही हौस मनसोक्त भागवली. यादीतल्या याद्या उलगडणारी 'फ्लॅटन' तिने जगातल्या सगळ्या याद्यांना बहाल केली. पुढे खुद्द भाषेच्या मानक समितीला तेच नाव हवंसं वाटलं. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि दोन 'फ्लॅटन'ची टक्कर होऊन मूटूल्सवरचं एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडलं. मार्च 2018 मध्ये कोणीतरी थट्टेने सुचवलं, मग 'स्मूश' म्हणा. लोकांनी ते खरं मानून कडाकडा वाद घातले. शेवटी 'फ्लॅट'वर तडजोड झाली. तिची सख्खी बहीण, क्लोजर घेणारी 'फ्लॅटमॅप', मात्र मूळ नावानिशी भाषेच्या 2019 च्या आवृत्तीत दाखल झाली.

समितीला याची सवय होती म्हणा. 2016 च्या आवृत्तीत, यादीत एखादी वस्तू आहे का ते सांगणाऱ्या 'कंटेन्स'चं नाव 'इन्क्लूड्स' करावं लागलं, तेही मूटूल्सपायीच.