पंचेचाळिशीत एलएलबी : नवशिक्यांसाठी सूचना

आधी फॉर्म भरा, घरात नंतर सांगा. क्रम उलटा केलात तर फॉर्म भरला जात नाही. सोसायटीत तर निकाल लागेपर्यंत कुणालाच कळू देऊ नका, नाहीतर सेक्रेटरी पुढच्या वार्षिक सभेची नोटीस तुम्हाला सोडून सगळ्यांना पाठवतील.

वयाची काळजी सोडा. बार कौन्सिलने तीन वर्षांच्या एलएलबीला तिशीची अट घालून पाहिली होती, पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. खुल्या प्रवर्गातल्याला पदवीला ४५ टक्के असले की भागतं. सीईटीत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला या सवलतीवर विश्वास बसायला जरा वेळ लागतो, पण ती खरी आहे. बिनधास्त ठोकून द्या.

खरी परीक्षा कागदपत्रांची. शाळा सोडल्याचा दाखला माळ्यावरच्या ट्रंकेत असेल, नसेल तर तो शोधताना लग्नाचा अल्बम सापडेल आणि तो दिवस त्यातच जाईल. शिवाय शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र मागतात. इथे मन मोकळं करण्याचा मोह होतो : दोन बदल्या, वडिलांचं आजारपण, फ्लॅटचं कर्ज. ‘नोकरी करत होतो’ एवढंच लिहा. वीस वर्षांचा संसार त्यात व्यवस्थित बसतो.

पहिल्या दिवशी वर्गात शिराल तेव्हा मुलं उठून उभी राहतील. काही बोलू नका. मागून खरे प्राध्यापक येतील, ते तुमच्याहून बारा वर्षांनी लहान असतील आणि तुम्हाला ‘सर’ म्हणतील. तुम्हीही त्यांना ‘सर’ म्हणा. मुलं तुम्हाला ‘काका’ म्हणतील. याचं वाईट वाटून घेऊ नका, नोट्स काकांनाच आधी मिळतात. बदल्यात त्यांच्या खोलीचा भाडेकरार वाचून द्यावा लागतो, कारण अख्ख्या वर्गात खरा करार वाचून सही केलेले तुम्ही एकटेच. (वाचून, हे तुमचं म्हणणं.)

हजेरी ७० टक्के लागते, आणि नियमाप्रमाणे तास सकाळी आठ ते संध्याकाळी सात यांच्यामध्येच व्हायचे, म्हणजे नेमके तुमचं ऑफिस उघडं असतं तेव्हा. नोकरी करत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्रही आणा. रजेच्या अर्जात ‘परीक्षा’ असं कारण लिहिलंत की साहेब विचारतील, ‘कुणाची?’ उत्तर तयार ठेवा. मुलीची बारावी एकदाच चालते.

आता अभ्यास. तुमचं आजवरचं फौजदारी ज्ञान हिंदी सिनेमातून आलेलं आहे, ते पुसून टाका. १ जुलै २०२४ पासून खुनाचं ३०२ हे १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८ झालं आणि जमावबंदीचं १४४ हे १६३. मुलांना नवे आकडे नुसते पाठ करायचे असतात. तुम्हाला आधी जुने विसरायचे असतात, आणि ४२०ला शिवी म्हणून वापरायची सवय असेल तर ते फार जड जातं. तेही पूर्ण विसरून चालत नाही. त्या तारखेपूर्वीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतात.

दिवाणी बाजूला मात्र भलताच धोका आहे : इथलं बरंच काही तुम्हाला आधीपासून येतं. करार कायद्याचं १२८वं कलम घ्या. कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. मुलं हे कलम हायलायटरने पिवळं करतात. तुम्हाला ते मेहुण्याच्या टेम्पोच्या कर्जापासून ठाऊक आहे. तरीही पेपरात मेहुणा आणू नका, त्याला गुण नाहीत. व्याख्या, कलम, खटला, निष्कर्ष, एवढंच हवं. पुढे १४५व्या कलमात वाचाल की जामीनदाराने रास्तपणे भरलेले पैसे कर्जदाराकडून परत घेण्याचा त्याला हक्क आहे. त्याच रात्री फोन लावू नका. आधी मुदतीचा कायदा वाचा : पैसे भरल्यापासून तीन वर्षं. मग बहुधा फोन लावायचं कारणच उरणार नाही.

वारसा कायद्याचा तास याहून वाईट. मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, २००५ साली दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात नसले तरी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात हे स्पष्ट केलं. मुली हे लिहून घेतात. वर्गातले पुरुष काका त्या वेळी खिडकीबाहेर बघतात. तलाठ्याकडे जाण्याआधी हक्कसोडपत्रावर सही करून गेलेली बहीण आठवते, तिला दिलेली साडीसुद्धा आठवते. विद्यार्थीदशेत इतकं आठवणं अभ्यासाला पोषक नाही. (नवशिके काका नसून काकू असतील, तर त्यांनी या प्रकरणाची एक जादा झेरॉक्स काढून माहेरी पाठवावी.)

लेखी परीक्षेसाठी हाताला महिनाभर आधीपासून वळण लावा. इतकी वर्षं या हाताने फक्त सह्या केल्या आहेत. तासाभराने तो पुरवणी मागायलाही वर होत नाही. एखादी केटी लागलीच तर घरात आधी बारावीवालीला सांगा. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद दडवता दडत नाही.

तीन वर्षांनी सनद. हा भाग स्वस्त आहे : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला नोंदणीचे ७५० रुपयेच पडतात. त्यानंतरची अखिल भारतीय बार परीक्षा देताना टिपणं नसलेला बेअर ॲक्ट जवळ बाळगता येतो. खर्चाची बाब वेगळीच आहे आणि ती माहितीपुस्तिकेत ठळक छापत नाहीत. बार कौन्सिलचा नियम ४९ सांगतो की वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे रजा, साहेब, ना-हरकत पत्र हे सगळं सांभाळून जी नोकरी टिकवली, ती आता सोडायची. अनेकांची पदवी या टप्प्यावर फ्रेम होऊन हॉलमध्ये लागते. त्यात कमीपणा नाही. पीएफचा हिशोब करून घेतलेला निर्णय भावनेच्या भरात घेतलेल्यापेक्षा बरा, असं माझं मत आहे.

राजीनामा देणाऱ्यांसाठी पुढची सूचना : सीनियर गाठा. तो पस्तिशीचा असेल. ज्युनियरला शहरात महिना २० हजार द्यावेत अशी बार कौन्सिलने २०२४ साली शिफारस केली आहे. शिफारस हा शब्द तुम्ही आता वकिलाच्या नजरेने वाचा. पहिलं काम म्हणजे बोर्डावर नंबर बघणं, सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत असं सांगणं आणि तारीख मागणं. न्यायाधीशही तुमच्याहून लहान असतील आणि ‘वकीलसाहेब, तयारी नसते तर येता कशाला?’ असं विचारतील. खाली बघा. मग पक्षकार बाहेर गाठेल. तुमचे पांढरे केस पाहून तो तुम्हालाच मोठे वकील समजेल आणि फी किती ते विचारेल. सीनियरकडे बोट दाखवा.