लिस्बनला एकट्याने जाण्याची पूर्वतयारी, मुक्काम मल्लेश्वरम

सहल-कंपनीच्या छत्राखाली युरोप खंड एकदा यथासांग पाहून आलेला, त्या खंडात रोज सायंकाळी वरणभात मिळाल्याची कृतज्ञ नोंद ज्याच्या प्रवासवहीत आहे, आणि तरीही सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर ज्याच्या चित्तात ‘एकदा एकट्याने जाऊन पाहावे’ ही विपरीत वासना उत्पन्न झाली आहे, असा बंगळूरचा मल्लेश्वरमनिवासी मराठी गृहस्थ हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा अधिकारी वाचक होय. लिस्बनसारखे एखादे पुरातन बंदर त्याने मनाशी योजिले आहे आणि ही गोष्ट घरात अद्याप उच्चारलेली नाही, असे आम्ही गृहीत धरतो. यापुढे त्यास आम्ही उमेदवार म्हणू.

एकाकी प्रवासावर जे लिहिले जाते त्यात पाकीटमार, गहाळ झालेले पारपत्र आणि परकी भाषा या संकटांचाच ऊहापोह फार असतो. ही संकटे किरकोळ होत. सहप्रवासी नसल्याने प्रवाशाची जी खरी हानी होते ती निराळीच असून तिच्याविषयी शास्त्रकारांनी मौन का पाळावे हे समजत नाही. सहप्रवासी हा सामान वाहण्यासाठी नसतो, संभाषणासाठी तर नसतोच. तो दोषाचा धनी म्हणून असतो. खोली कोंदट निघाली, गाडी चुकली, संग्रहालय नेमके त्याच दिवशी बंद असले, की ‘तुम्हीच म्हणाला होतात’ या तीन शब्दांनी अंतःकरणाचा जो निचरा होतो, त्याच्यावरच गृहस्थाश्रमी माणसाची पर्यटनक्षमता अवलंबून असते. सहल-व्यवस्थापक नावाचा जो तरुण अधिकारी कंपनीने नेमून दिलेला असतो त्याचे कर्तव्यही तत्त्वतः हेच. एकट्याने निघणाऱ्याने हे खातेच बरखास्त केलेले असते. लिस्बनच्या चढावर धापा टाकीत उभे असताना, हा रस्ता कोणी निवडला, या प्रश्नाचे एकच उत्तर संभवते, आणि ते पचविण्याची सवय उमेदवारास जन्मात कधी लागलेली नसते. ती सवय अल्प खर्चात लावून घेण्यास मल्लेश्वरमसारखे क्षेत्र नाही.

आरंभ दफ्तरापासून करावा. शेंगेन परवान्याचे शुल्क ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. वास्तव्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. यातील शेवटची अट उमेदवारास उदार वाटेल, पण ९० दिवस त्यास घरून कोणी सोडणार नाही, सबब तिचा विचार करण्याचे प्रयोजन नाही. बँकेचा खातेउतारा, निवृत्तिवेतनाचा दाखला, तिकीट आणि मुक्कामाची हमी हे सर्व दस्तऐवज स्वतः जमवावेत अशी अपेक्षा आहे. आणि ज्या गृहस्थाने आजवर ‘अगं, माझा तो कागद कुठे आहे?’ एवढ्या एकाच प्रणालीने सरकारदरबारची सारी कामे उरकली, त्याची पहिली परीक्षा येथेच होते. उमेदवाराने आठवडाभर घरातील कोणतीही वस्तू कोणासही न विचारता शोधावी. त्यातून चष्मा वगळावा. चष्म्यावाचून चष्मा शोधणे हा प्रगत अभ्यासक्रमाचा भाग आहे.

दुसरा अभ्यास रस्त्यांचा. लिस्बनचा बायशा नावाचा सखल भाग १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, समुद्राची लाट आणि आग या तिहेरी कोपाने उद्ध्वस्त झाला, आणि पोंबाल या पराक्रमी मंत्र्याने तो काटकोनात, सरळ रेषांत पुन्हा उभारविला. घरांच्या भिंतींत लाकडाचे पिंजरे घातले आणि ते भूकंपास टिकतील की नाही हे भोवती सैनिकांची कवायत करवून पारखले, असे सांगतात. मल्लेश्वरमची आखणीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातली. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठेतील दाट वस्ती हवेशीर जागेत हलविण्याची निकड आणली आणि येथील उभे-आडवे रस्ते भराभर नांदते झाले. म्हणजे दोन्ही ठिकाणची शिस्त ही आपत्तीची कन्या आहे. भेद एवढाच की, तेथे रस्त्यांना सोनार, चांदीकार, चर्मकार अशा धंद्यांची नावे दिली, आणि येथे दोन मुख्य रस्त्यांना चाफा व निंब या वृक्षांची देऊन बाकीच्यांना नुसते क्रमांक दिले. अशा नगरात चुकणे अशक्य आहे, असे नकाशा पाहणारास वाटते. वस्तुतः क्रॉसचा आकडा आणि मेनचा आकडा यांची अदलाबदल होऊन येथील रहिवासीही पाहुण्यांस भलत्या कोपऱ्यावर उभे करून ठेवतात, हे जगजाहीर आहे.

उमेदवाराने भ्रमणध्वनी खिशात ठेवून संपिगे रस्त्याने निघावे, मनास येईल त्या क्रॉसवर वळावे, आणि वळण चुकले असे ध्यानात आल्यावर क्षणभर थांबून आपल्याशीच म्हणावे : ‘हे मी केले.’ प्रथम प्रथम हे वाक्य घशातून फुटत नाही. जीभ आपोआप ‘या कॉर्पोरेशनने’ असा आरंभ करते. तिला आवरावे. गणेशचतुर्थीच्या आदल्या सायंकाळी आठव्या क्रॉसच्या बाजारात, फुलांच्या राशी, केळीचे खुंट आणि खरेदीदारांच्या कोपरांमधून हाच प्रयोग ज्याला साधला त्याला अल्फामाच्या गल्ल्यांचे भय नाही. अल्फामा ही लिस्बनची त्या भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेली जुनी वस्ती. तेथे काटकोन नाही, पायऱ्या मात्र अपार आहेत. तेथल्या चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांची फरसबंदी पावसात इतकी निसरडी होते की भलेभले साष्टांग दंडवत घालतात. मल्लेश्वरमच्या पादपथावर ज्याने उंचसखल फरशा, झाडांची मुळे आणि उभी केलेली दुचाकी वाहने चुकवीत वर्षे काढली आहेत, त्याच्या घोट्यांना निराळे शिक्षण नको. अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये मात्र खिसे सांभाळावेत. त्या वाहनाची कीर्ती दृश्यांइतकीच हस्तलाघवाबद्दलही आहे.

आता इतिहास. मराठी प्रवाशाचा हा दुबळा भाग असल्याने येथे विशेष संयम शिकावयाचा आहे. काडु मल्लेश्वराच्या देवळात जावे. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६६९ साली मल्लपुराच्या या देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. हे वाचताच उमेदवाराची छाती फुगते, आणि समोरच्या फुलवालीस, पुजाऱ्यास, फार काय नंदीतीर्थावर मुकाट्याने हात जोडून उभ्या असलेल्या एखाद्या कन्नड आजीबाईंसही हा मजकूर सांगावा अशी ऊर्मी उठते. ती दाबावी. एकोजीराजांनी गाव देवाला दिले होते, आपल्याला नव्हे. शिवाय १६८७ च्या सुमारास हा मुलूख मोगलांच्या हातून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेला असून, त्या सनदेच्या आधारे रिक्षाच्या भाड्यात सूट मिळाल्याचे उदाहरण नाही. ज्याला काडु मल्लेश्वराच्या आवारात अर्धा तास एकोजींचे नाव न काढता काढता आला, तो लिस्बनमध्ये वसईचे नाव न काढता राहू शकेल. तेथे तर प्रलोभन याहून प्रखर आहे. जेरोनिमुश मठात वास्को द गामाच्या समाधीपुढे उभे राहिले की, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई कशी घेतली आणि तेथली घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात कशी आली, हे शेजारच्या जर्मन दांपत्यास सांगण्यासाठी जिव्हा वळवळू लागते. त्यांनी काही अपराध केलेला नाही. त्या घटकेला एवढेच आठवावे की, ८ जुलै १४९७ रोजी येथून निघालेला हा थोर दर्यावर्दीदेखील एकटा निघाला नव्हता. दोष देण्यास त्याच्यापाशी चार गलबते भरून खलाशी होते.

भोजन हे या शास्त्राचे मर्मस्थान. एकट्याने गड चढता येतो, एकट्याने रडताही येते, परंतु चारचौघांदेखत एकट्याने मेजावर बसून शांतपणे खाणे हे मध्यमवर्गीय मराठी माणसास मरणप्राय वाटते. समोरची रिकामी खुर्ची त्याच्याकडे पाहते, आणि आपण विधुर, भांडकुदळ किंवा फिरते विक्रेते आहोत असा ग्रह सर्वांचा झाला असावा, या शंकेने त्याचा घास घशात अडतो. या व्याधीवर मार्गोसा रस्ता व सातवा क्रॉस यांच्या कोपऱ्यावर असलेले सी.टी.आर. हे उपाहारगृह रामबाण होय. कारण तेथे रिकामी खुर्ची हा पदार्थच नाही. रविवारी सकाळी तेथे प्रथम उभे राहावे लागते, तेही कोणा तरी खाणाऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या बेण्णे मसाला दोशाचा शेवटचा तुकडा कधी संपतो याची मनोमन गणना करीत. नंतर ज्या मेजावर जागा मिळेल तेथे तीन अपरिचितांच्या संगतीत बसावे लागते. कोणी कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि लोण्याने तांबूस झालेला, कडेस कुरकुरीत व मध्ये मऊ असा तो दोसा समोर आल्यावर पाहण्याचे प्रयोजनही उरत नाही. एकांत आणि गर्दी यांचा असा समन्वय योग्यांनाही क्वचित साधला असेल. मात्र एक नियम कडक पाळावा : अर्धा दोसा खाऊन झाल्यावर ताट किंचित समोर सरकवून ‘घे, चव बघ’ असे म्हणू नये. समोरचे गृहस्थ अनोळखी आहेत. पुढची इयत्ता वीणा स्टोअर्सची. तेथे पादपथावर उभ्याने इडली खावयाची असते, म्हणजे खुर्चीचा प्रश्नच मुळात निकालात निघतो.

या शिक्षणातून जी एक घातक सवय लागते तिचा बंदोबस्त येथेच केला पाहिजे. आपल्याकडे चटणी दुसऱ्यांदा मागितली तरी तिचा हिशेब होत नाही. लिस्बनमध्ये आपण आसनस्थ होताच वाढपी अत्यंत सौजन्याने पाव, लोणी, ऑलिव्ह, क्वचित चीज आणून ठेवतो, आणि यजमानाचे औदार्य पाहून सद्गदित झालेला भारतीय प्रवासी ते निःशेष करतो. शेवटी हिशेबाच्या चिठ्ठीत त्या औदार्याची कलमवार नोंद आढळते. या प्रकारास तेथे कुव्हेर म्हणतात. न शिवता परत पाठविल्यास पैसे पडत नाहीत. तेव्हा नकार देण्याचा सराव आधीच हवा, आणि तो मल्लेश्वरमातच उत्तम होतो : एखाद्या कन्नड स्नेह्याच्या घरी जेवावयास जाऊन, यजमानीण बिसिबेळे भाताचा तिसरा वाढा घेऊन आली असता, ‘साकु’ हा शब्द असा उच्चारावा की तिने खरोखरच थांबावे. आजवर हे कोणास साधल्याचे ऐकिवात नाही. परंतु प्रयत्नाने स्वर कणखर होतो, आणि पोर्तुगीज वाढपी त्या मानाने फारच लवकर हार मानतात.

राहता राहिला समुद्र. मल्लेश्वरमला समुद्र नाही, हा आक्षेप वरवरचा आहे, कारण लिस्बनच्या भव्य चौकातून दिसते तेही महासागराचे पाणी नव्हे; ती तेजू नदीची विस्तीर्ण खाडी होय, आणि पुष्कळ प्रवासी तिलाच अटलांटिक समजून छायाचित्रे घेतात. ज्या जगात एवढी सवलत आहे तेथे १८८२ साली कर्नल रिचर्ड सँकी यांनी बांधविलेल्या तलावास सागराचा दर्जा देण्यास हरकत नसावी. सायंकाळी तलावाच्या काठी बाकावर बसून पाण्याकडे पाहावे, आणि कोणासही ‘किती छान, नाही?’ असे विचारू नये. हा व्यायाम दिसतो त्याहून अवघड आहे. सौंदर्य पाहिल्यावर अनुमोदन घेण्याची आपल्याला इतकी सवय असते की, दुसऱ्याने होकार दिल्यावाचून सूर्यास्त झाला असे आपण धरीतच नाही.

या बाबतीत आदर्श म्हणून सर सी. व्ही. रामन यांचे नाव घ्यावेसे वाटते. त्यांचा ‘पंचवटी’ हा बंगला मल्लेश्वरमातच आहे. १९२१ साली युरोपातून बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांनी शेजाऱ्याचे अनुमोदन मागितले नाही. खिशातले निकोल लोलक काढून त्यांनी त्या निळाईची तपासणी आरंभिली, ती आकाशाचे केवळ प्रतिबिंब आहे हे मत झुगारले, आणि बोट मुंबई बंदरात असतानाच ‘नेचर’ नियतकालिकासाठी पत्र लिहून टाकले. पुढे १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक. उमेदवाराकडून एवढी अपेक्षा नाही. परंतु निळ्या पाण्यापुढे उभे राहून त्याने निदान कुटुंबास दृश्य-संभाषण लावून ‘हे बघ, हे बघ’ असा घोष करू नये, कारण पलीकडून ‘अहो, स्वेटर घातलात का?’ याखेरीज उत्तर येणार नाही, आणि समुद्र दिसेनासा होईल.

अंतिम परीक्षा एका संपूर्ण रविवारची असते. सकाळी एकट्याने बाहेर पडावे, दोसा स्वतः ठरवून खावा, एक वळण जाणूनबुजून चुकावे, देवळात एकोजींविषयी मौन पाळावे, तलावाकाठी बसावे, आणि दिवेलागणीस घरी परत यावे. दारातच विचारणा होईल : ‘काय, कशी झाली फेरी?’ उत्तर देताना ‘रिक्षावाल्याने’, ‘त्या मेट्रोच्या खोदकामाने’ किंवा ‘तूच सकाळी छत्री दिली नाहीस म्हणून’ यांपैकी कोणताही शब्दसमूह उच्चारला गेल्यास उमेदवार अनुत्तीर्ण समजावा. अनुत्तीर्णांची संख्या मोठी राहील हे उघड आहे. त्यांच्या सोयीसाठी सहल-कंपन्यांची दालने आठवडाभर उघडी असतात. आगाऊ रक्कम भरताना खिडकीजवळचे आसन, जैन किंवा साधे जेवण, आणि सहल-व्यवस्थापक शक्यतो सोशिक स्वभावाचा, अशी नोंद अर्जावर स्पष्ट अक्षरांत करून घ्यावी.