सुंभ, पीळ आणि धनुष्य

धनुष्य करणारा निवृत्त इंजिनिअर हा भोपाळच्या मराठी वस्तीत अधूनमधून आढळणारा प्रकार आहे. पिपलानी, बरखेडा, साकेतनगर हा त्याचा मुलूख. कारण अर्थातच 'भेल'. इंग्रज कंपनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर बाहेर पडले, तशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणारी माणसेही बाहेर पडली. साठीनंतर भांडायला कोणी उरत नाही. मग कोणी बोन्साय लावतो, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो, आणि एखादा धनुष्याला हात घालतो. 'शिवधनुष्य पेलताय म्हणे!' ही कोटी त्याला महाराष्ट्र मंडळात दर गणपतीला ऐकावी लागते.

ही लागण बहुधा श्यामला हिल्सवर होते. तिथल्या जनजातीय संग्रहालयात (उद्घाटन २०१३) पाहुण्यांना फिरवताना त्याला भिल्लांचे धनुष्य भेटते. दांडा बांबूचा, दोरीही बांबूच्याच पट्टीची. हे त्याला फार सोपे वाटते. त्याला हवा असतो माणसाच्या उंचीचा, अखंड लाकडाचा इंग्रजी लाँगबो. त्यासाठी लागणारे यू झाडाचे लाकूड भोपाळच्या टालवर मिळत नाही. तेव्हा धामण. हे लाकूड चिवट आणि लवचिक. कुऱ्हाडीच्या दांड्यांना आणि धनुष्यांना आपल्याकडे पूर्वापार वापरलेले. मुलताईचा मामेभाऊ शेताच्या बांधावरचे एक खोड एसटीसारख्या दिसणाऱ्या खासगी बसच्या टपावरून पाठवतो.

पाचरी ठोकून खोड उभे फोडतात, टोकांना रंग फासतात म्हणजे ती तडकत नाहीत, आणि लाकूड सावलीत वाळवतात. फोडतानाच खरी भानगड उघडी पडते: तंतू खोडाभोवती वळत वर गेलेले असतात, त्यामुळे फळीला पीळ येतो. पीळ मोजायला दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहायचे. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत की तिरपेपणा कळतो. हे काम तो अत्यंत आनंदाने करतो. बारा अंश! अशा मालावर त्याने नोकरीत लाल शेरा मारला असता.

उपाय त्याच्या मते उघड असतो: करवतीने सरळ कापणे. पण करवत तंतू तोडते, तुटलेले तंतू कडेला उघडे पडतात, आणि ताण आला की धनुष्य तिथूनच जाते. पहिले धनुष्य असेच जाते. आवाज एवढा होतो की समोरच्या गॅलरीत चौकशी सुरू होते. दुसऱ्या वेळी तो तंतूंच्या कलाने रंधा मारतो आणि उरलेला पीळ वाफेवर काढायला घेतो. जाडीच्या दर इंचाला साधारण तासभर वाफ हा ढोबळ हिशेब. वाफ येते घरच्या कुकरमधून, रबरी नळीने, पीव्हीसी पाइपात. "अहो, वरण कधी लावू?" या प्रश्नाला तासभर उत्तर नसते. लाकूड मऊ झाले की शिकंजात धरून उलट्या बाजूला थोडे जास्तच पिळायचे, कारण ते परत फिरते. चार दिवसांनी शिकंजा काढला तरी थोडा पीळ शिल्लक असतोच. बायको सुंभाची म्हण ऐकवते. कोणाला उद्देशून, हे विचारत नाही तो.

एवढा पीळ चालतो. दोरी मुठीच्या मध्यावरून गेली की झाले. आता मात्र माणूस बदलतो. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावरच्या धनुष्यांतही गाठी नि वळणे होती, हे तो शेजाऱ्यांना थांबवून सांगतो.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक. धनुष्य भिंतीला आडवे टांगून कप्पीने दोरी हळूहळू खाली ओढायची, दोन्ही भुजा सारख्या वाकतात का पाहायचे, आणि जिथे अकड दिसते तिथे पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूने, काचेच्या तुकड्याने खरवडायचे. पाठीला हात लावायचा नाही. डावी भुजा ताठ, म्हणून डावीकडे खरवड. मग उजवी ताठ. प्रत्येक खरवडीला जोर कमी होतो. चाळीस पौंडांचे ठरलेले धनुष्य काट्यावर अठ्ठावीस भरते, आणि पहिल्यापासून अठ्ठावीसच हवे होते असे तो जाहीर करतो, नातवाच्या हिशेबाने. नातू पुण्यात असतो.

बाण करायच्या भानगडीत तो पडत नाही. बाण सरळ लागतात, आणि सरळ लाकडात त्याला आता काही गंमत वाटत नाही. ते ऑनलाइन मागवले जातात.