बाबांना हवा असलेला सविस्तर खुलासा

एडिसन, न्यू जर्सी
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,

काल फोनवर बाबांनी फर्मान काढलं, "तू भराभर बोलतेस, काही कळत नाही, कलमवार लिहून पाठव." म्हणून बसले. जन्म एलआयसीत गेलेल्या माणसाला विम्याबद्दल तोंडी सांगून पटत नसतं, हे मला परकरात होते तेव्हापासून माहीत आहे. तुमच्या जावयाला, मिलिंदला, काल कळलं. मुलं मराठी शाळेत गेली आहेत, बाहेर बर्फ पडतोय, खाली वॉशिंग मशीन फिरतंय आणि कुकरची एक शिट्टी झाली आहे. मध्ये उठले तर समजून घ्या.

आधी पार्सल. पोचलं. मेतकूट, हळद, बेदाणे सगळं शाबूत. भडंगाचं पाकीट दारातच फुटलं, म्हणजे मिलिंदने फोडलं. आई, तू साड्यांच्या घडीत लपवलेल्या सर्दी-तापाच्या गोळ्याही सापडल्या. पुन्हा पाठवू नकोस. इथे गोळ्या मिळतात. आणि नंदाआत्याच्या गुडघ्याचं तू चार ओळींत आटोपलंस, ते चालणार नाही. ऑपरेशन झाल्यावर ती खरंच दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन शेजारच्या खोलीतल्या बाईशी भांडायला गेली का? कशावरून? पुढच्या फोनला ते आधी, बाकी नंतर.

आता कलम पहिलं. "तिकडे विमा महागलाय म्हणे, तुम्ही डॉक्टरकडे जाता की नाही?" जातो. पण आधी हिशेब करतो आणि मग जातो, आणि त्या दोन क्रियांच्या मध्ये निम्म्या वेळा ताप उतरतो.

इथे आमच्यासारख्या नोकरदारांचा विमा कंपनीतर्फे असतो. यंदा देशभरची सरासरी काढली तर एका कुटुंबाचा वर्षाचा हप्ता येतो २६,९९३ डॉलर. डॉलर नव्वदीला टेकलाय. बाबा, गुणाकार करा आणि पाणी प्या. त्यातले सरासरी ६,८५० नोकराच्या पगारातून कापतात, बाकीचे मालक भरतो, असं मालक म्हणतो. एवढं करूनही वर्षातले पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून. आमच्या पॉलिसीत ते चार हजार आहेत. तेवढे खर्च झाले की विमा कंपनीला जाग येते, आणि १ जानेवारीला ती पुन्हा झोपते.

असा सुरुवातीचा मोठा बोजा आपल्या अंगावर घेणारी पॉलिसी असेल, तरच सरकार एक खास खातं उघडू देतं. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे एचएसए. येत्या वर्षी कुटुंबाला त्यात ८,७५० डॉलर टाकता येतील. टाकताना केंद्राचा आयकर नाही, वाढलं त्यावर नाही, औषधपाण्यासाठी काढलं तर त्यावरही नाही. तुमचं पीपीएफच, बाबा, फक्त काढण्यासाठी आजारी पडावं लागतं. दुसऱ्या कशाला काढले तर कर आणि वर वीस टक्के दंड. पासष्टीनंतर दंड माफ. हे बुशसाहेबांनी २००३ च्या डिसेंबरात सही करून आणलं, म्हाताऱ्यांच्या औषधांच्या कायद्यात घुसवून. त्याआधी १९९७ पासून असाच एक छोटा प्रयोग चालला होता.

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन राज्यं मात्र या खात्याला ओळख दाखवत नाहीत, तिथे राज्याचा कर लागतोच. आता मराठी माणूस अमेरिकेत आला की घर कुठे घेतो?

(शिट्ट्या झाल्या. आले.)

तर, या खात्यातून काय चालतं आणि काय नाही, ही इथली खरी स्मृती-श्रुती. सनस्क्रीन चालतं. टूथपेस्ट चालत नाही. चष्मा चालतो. २०२० पर्यंत साध्या डोकेदुखीच्या गोळीलासुद्धा डॉक्टरची चिठ्ठी लागायची, आता लागत नाही. परदेशातून मागवलेलं औषध चालत नाही, म्हणजे आई, तुझ्या गोळ्या साडीच्या घडीतच नव्हे, आयकराच्या कायद्यातही बसत नाहीत. आणि पावत्या जपायच्या. आज केलेल्या खर्चाचे पैसे वीस वर्षांनी काढले तरी चालतात, फक्त पावती हवी. त्यामुळे मिलिंदने बुटांच्या खोक्यात पावत्या साठवायला घेतल्या आहेत. बाबा, तुमचा जावई शोभतो तुम्हाला.

आणखी एक गंमत. विमा असला की वर्षातून एकदाची तपासणी या देशात फुकट असते, २०१० च्या ओबामांच्या कायद्याने. पण त्या तपासणीत आपल्याला काहीही होत नाहीये अशी वागणूक ठेवावी लागते. मिलिंद गेला आणि सहज म्हणाला, "हा खांदा जरा दुखतो." झालं! फुकट तपासणीची विकत तपासणी झाली, दोनशे दहा डॉलर. आता जाताना मी त्याला शपथ घालते की हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही.

कलम दुसरं. दिवाळीच्या सुमारास ईशान बेसमेंटच्या पायरीवरून पडला आणि हनुवटी फुटली. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ओरडू नका, याच पत्रात तुमचीही पाळी येणार आहे. रात्रीची वेळ, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. खिडकीतल्या बाईंना मी विचारलं, "साधारण किती होतील?" मी त्यांचं वय विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. २०२१ पासून इथल्या हॉस्पिटलांना दर जाहीर करावे लागतात, त्यामुळे मिलिंदने बाकावर बसून फोनवर ती दरांची यादी उघडली. हजारो ओळी, नुसते आकडे आणि कोड. इकडे माझ्या ओढणीने पोराच्या हनुवटीचं रक्त थोपवलेलं आणि तिकडे हा यादीत 'टाके' शोधतोय. सापडायच्या आत ईशानचं नाव पुकारलं.

पुढे टपालाने कागद आला, वर ठळक अक्षरांत, "हे बिल नाही." खाली आकडे. मग दुसरा, तोही बिल नव्हता. तिसरा होता. हॉस्पिटलचे २,८७० डॉलर, टाके घालणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे ६४०. टाके तीन. भागाकार करू नका. सगळे आमच्याच खिशातून, म्हणजे त्या खात्यातून, कारण चार हजार अजून व्हायचे होते. ईशान आता अगदी ठीक आहे, व्रण दिसतही नाही, आणि शाळेत सांगतो की स्केटिंग करताना लागलं.

आता ज्यावर तुमचा जावई आणि मी गेले कित्येक महिने जेवताना भांडतो आहोत, ते. त्याचं म्हणणं: आपले पैसे असले की माणूस चौकशी करतो, नको त्या तपासण्या टाळतो, मग दर खाली येतात. सत्तरच्या दशकात रँड नावाच्या संस्थेने हजारो लोकांवर हा प्रयोगच केला होता. काहींना उपचार फुकट, काहींना खिशातून खर्च. खिशातून देणारे डॉक्टरकडे कमी गेले आणि बहुतेकांची तब्येत तशीच राहिली. एवढं सांगून मिलिंद विजयी मुद्रेने कोशिंबीर वाढून घेतो. पुढचं मी सांगते: लोकांनी अनावश्यक खर्च जेवढा टाळला, तेवढाच आवश्यकही टाळला. कुठला कुठला, ते त्यांना कळत नव्हतं. आणि गरीब, आधीच दुखणाईत माणसांचं, विशेषतः रक्तदाबवाल्यांचं, नुकसान झालं. मला खातं वाईट वाटत नाही. आम्हाला ते फार चांगलं आहे, आणि तिथेच माझी पाल चुकचुकते. जितका पगार जास्त, तितका कर जास्त वाचतो. ज्याच्याकडे टाकायला पैसे नाहीत त्याला बँकेचं फक्त पासबुक.

तुम्हाला ज्योत्स्नाबेन आठवतात ना, भुवया करणाऱ्या? आई, तुला त्यांनी ढोकळ्याचं पीठ दिलं होतं. त्यांचं स्वतःचं छोटं दुकान, म्हणून विमा सरकारी बाजारातून घ्यावा लागतो. कोविडच्या काळात सरकारने त्या हप्त्यांवरची मदत वाढवली, ती वाढीव मदत या ३१ डिसेंबरला संपते. तुम्ही टीव्हीवर "अमेरिकेचं सरकार बंद" पाहिलंत, ते १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, त्याच्या मुळाशी हेच भांडण होतं. आता नवरा-बायकोचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर एक डॉलर गेलं तरी केंद्राची मदत शून्य. राज्याची थोडीफार उरते. ज्योत्स्नाबेन अठ्ठावन्नच्या, वयामुळे हप्ता आधीच जाडजूड. जानेवारीपासून त्या शनिवारी दुकान लवकर बंद करणार आहेत. गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे, कमाई वाढू नये म्हणून!

मागच्या गुरुवारी, ११ तारखेला, सेनेटमध्ये दोन्ही बाजूंच्या प्रस्तावांवर मतदानं झाली. मार्गशीर्षातला गुरुवार. मी पोथीला बसलेली, मिलिंदने टीव्हीचा आवाज बंद करून ठेवलेला, आणि मी महालक्ष्मीकडे एक डोळा, सेनेटकडे एक. डेमोक्रॅटिक पक्षाचं म्हणणं, मदत आणखी तीन वर्षं चालू ठेवा. रिपब्लिकन पक्षाचं म्हणणं, विमा कंपन्यांना कशाला देता, लोकांच्या एचएसए खात्यात टाका: पन्नाशीच्या आतल्यांना वर्षाला हजार डॉलर, पन्नास ते चौसष्टला दीड हजार. साठ मतं लागतात, दोन्ही पडले. मी ज्योत्स्नाबेनना दीड हजारांचं सांगितलं. त्यांनी दोरा दातात धरून ऐकलं आणि विचारलं, "हप्ता भराय चालते?" हप्त्याला चालणार नव्हते. स्वस्तातल्या पॉलिसीत सात हजारांच्या आसपास खर्च स्वतः करायचा, त्यातला दीड हजार सरकारचा. त्यांनी एवढंच म्हटलं, "बाकी माताजी देशे," आणि माझी डावी भुवई जरा जास्तच बारीक केली. रोज आरशात दिसते.

(मशीन थांबलं. कपडे ड्रायरमध्ये टाकून आले. वहिनीला सांगा, सुमाच्या स्थळाबद्दल मला दादाने कळवलं, तिने नाही, हे मी लक्षात ठेवलंय. मुलगा कोल्हापूरचा म्हणजे मटणावरून भांडण होणार, एवढं सुमाला सांगून ठेवा.)

आता तुमची पाळी. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे मला पट्टी निघाल्यावर कळलं, तेही बंडूकाकांच्या तोंडून, कारण त्यांना कुणी 'बोलू नका' सांगायला विसरलं. "उगाच तिला तिकडे घोर नको." बाबा, मी मिरजेत वाढले. आपल्या गल्लीत जेवढी लहान मुलं होती तेवढेच डॉक्टर होते. आजूबाजूच्या दहा गावांतली, पार कर्नाटकातली माणसं स्टेशनवर उतरून वानलेस हॉस्पिटलचा रस्ता विचारायची आणि आपण सांगायचो. अमेरिकन मिशनने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी मिरजेला दवाखाना दिला, आणि मला अमेरिकेने दिले फॉर्म. आईच्या डोळ्यावर पट्टी असताना नंदाआत्या डबा घेऊन आली असेल, खालच्या काकू आल्या असतील, सगळ्यांनी मिळून तिला टीव्ही बघू दिला नसेल. तेवढं मला हवं होतं. गाऊनमधला एक फोटो. बाकी काही नाही.

कारण सांगते. बंडूकाकांचा फोन ठेवल्यावर मी मूर्खासारखी त्या खात्याचे नियम उघडून बसले. आईची लेन्स त्यातून देता आली असती का? नाही. खातं फक्त आपलं, नवऱ्याचं आणि जे करासाठी आपल्यावर अवलंबून आहेत त्यांचं. भारतात राहणारे भारतीय आईवडील त्यात बसत नाहीत. त्याच पैशातून सनस्क्रीन मात्र आणता येतं, या बर्फात. आई म्हणेल, मी कुठे मागितले होते? नव्हतेस मागितले. तुझ्या ऑपरेशनचे पैसे बाबांनी रोख मोजून दिले असणार आणि तुला रुपया सांगितला नसणार.

बाबा, सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. काढलंत का? "मला कशाला सरकारचं" हे उत्तर मला नको. कार्ड काढा आणि त्याचा फोटो पाठवा.

आता एक काम. मिलिंदच्या दाढेचं रूट कॅनाल आणि वरची कॅप, इथे २,९०० डॉलर सांगितले आहेत. आम्ही मे महिन्यात येतोच आहोत. परदेशात केलेला दातांचा उपचार या खात्यातून देता येतो, हे मी दोनदा वाचून पाहिलं. म्हणजे तुमच्या दातवाल्या डॉक्टरांचे पैसे अमेरिकेच्या खात्यातून! मिलिंदला तेव्हापासून दाढ दुखायचीच थांबली आहे. अडचण एकच, ते डॉक्टर रक्कम औषधाच्या खोक्याच्या मागे पेन्सिलीने लिहून देतात. तर कृपया जाऊन दोन गोष्टी विचारा. छापील बिल मिळेल का, ज्यावर नाव, तारीख आणि काय केलं ते इंग्रजीत असेल? आणि साधारण किती होतील? मला ठाऊक आहे, हा दुसरा प्रश्न विचारल्यावर ते तिथल्या तिथे आकडा सांगतील. तो आकडा मला लगेच कळवा.

मुलं आली, भूक भूक करतायत.

तुमची,
वैशाली

ता. क. मिलिंदने पत्र वाचलं. म्हणतो, रँडचं मी अर्धंच सांगितलं. त्याचं अर्धं तो वेगळ्या पत्राने कळवणार आहे, बाबांच्या नावे, कलमवार. आई, तू ते वाचू नकोस, डोळ्याला ताण.