आधी फिरवून तं पाहू

पांढुर्ण्याच्या कोणत्याही मोहल्ल्यात एक मोटरभाऊ असतोच. सौंसरला तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. पोटापाण्याला माणूस मास्तर असो, लाइनमन असो की संत्र्याचा बगीचावाला, जीव त्याचा पलंगाखालच्या बिस्किटांच्या डब्यांत. त्या डब्यांत प्रिंटरच्या, वायपरच्या, गाडीची काच वरखाली करणाऱ्या, फवारणी पंपाच्या अशा मोटरी असतात. साऱ्या डीसी. एसी मोटरीबद्दल आमच्या मोटरभाऊंचं मत काही बरं नाही. "कूलरच्या मोटरीले काय अक्कल लागते? प्लग खोसला का फिरते. डीसीले आधी विचारा लागते, बाई तू कोणाची?"

मोटरीवरच्या लेबलावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मागे ७७५ छापलं असेल तर त्या आकड्यावरून फक्त डब्याचं माप कळतं, आत वायंडिंग बारा व्होल्टचं की चोवीसचं ते कळत नाही. म्हणून कोणी मोटर घेऊन आलं आणि "ही बारा व्होल्टची आहे" म्हणालं, की भाऊंचं उत्तर ठरलेलं: "आधी फिरवून तं पाहू."

हे पाहणं बघण्यासारखं असतं. आधी वायरी मोजायच्या. दोन असल्या तर बहुतेक कार्बनवाली. चार नाहीतर सहा असल्या आणि शाफ्ट बोटानं फिरवताना टकटक अडत गेला, तर स्टेपर, प्रिंटरच्या पोटातली. तीन असल्या की भाऊ खुर्ची पुढे ओढतात, कारण ती ब्रशलेस असू शकते किंवा दोन स्पीडची वायपर मोटरही. मग मीटर ओमवर लावतात. एकदा वाचून भागत नाही. शाफ्ट किंचित सरकवायचा, पुन्हा वाचायचं, पुन्हा सरकवायचा. कार्बन कॉम्युटेटरच्या कोणत्या पट्टीवर टेकलाय त्याप्रमाणे आकडा हलतो. सगळ्यांत कमी आकडा धरायचा. दीड ओम आला की भाऊ लगेच म्हणणार, "बारा व्होल्टवर जाम झाली तं आठ अँपिअर खाईल, याद राख." याद कोणीच राखत नाही. समोर बसलेला चहाची वाट पाहत असतो.

पण चहाआधी ड्रिल येतं. मोटरीचा शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, ड्रिल फिरवायचं आणि मोटरीच्या वायरींवर किती व्होल्ट निघतात ते बघायचं. हजार फेऱ्यांना तीन व्होल्ट निघाले, तर बारा व्होल्टवर ती रिकामी चार हजारांच्या आसपास फिरणार. इथं १८७३ सालचं व्हिएन्नाचं प्रदर्शन आलंच पाहिजे. तिथं ग्राम नावाच्या माणसाच्या एका डायनॅमोची वीज दुसऱ्याला दिली आणि तो दुसरा मोटर होऊन फिरायला लागला, हे भाऊ असं सांगतात की जणू वायर यांनीच जोडली होती. "मोटर अन् डायनॅमो एकच असते बाप्पा, फक्त कोण कोणाले फिरवून राहिलं ते पाहा लागते." राहता राहिला प्रश्न ड्रिलच्या फेऱ्यांचा. त्या मात्र भाऊ ड्रिलवरच्या लेबलावरून वाचतात. कुठंतरी श्रद्धा ठेवावीच लागते.

ओळख पटली की ताबा मिळवायचा. रेग्युलेटरसारखा रेझिस्टन्स टाकून वेग कमी करणं त्यांना अडाणीपणा वाटतो. वीज तापण्यात जाते आणि कमी वेगात मोटरीचा जोर मरतो. भाऊ मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचनं वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून तोडून देतात. मोटर त्यामुळे बारीक शीळ घालते. ती शीळ ऐकली की घरातलं मांजर बाहेर जातं आणि भाऊंच्या चेहऱ्यावर भजन ऐकल्यासारखा भाव येतो. मोटरीवर उलटा डायोड टाकायला विसरलं की मॉस्फेट जातो. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडतात, "काय जाळलं?" आणि स्वतःच सांगतात, "मॉस्फेट गेला वाटते. वायंडिंगचा वास असा नाही येत."

माल कबाड्याकडचा. पूर्वी सौंसरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरलाही जाणं व्हायचं. २०१५ साली गेज बदलायला ती गाडी बंद झाली, तेव्हा लोक तिकिटाच्या आठवणी काढत होते आणि भाऊ विचारत होते की डब्यातले पंखे कोण नेणार. कबाड्यापुढे भाऊ फार सावध. ढिगातली मोटर सहज उचलल्यासारखी उचलायची, अंगठ्यानं फिरवायची, मग पाठ करून दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवायची. जड लागली म्हणजे मॅग्नेट, कार्बन, वायंडिंग सगळं जिवंत. लगेच तोंड वाकडं करून म्हणायचं, "हे तं गेलेली दिसते." कबाडी हसतो. "भाऊ, तुम्ही तोंड वाकडं केलं का मी समजतो, माल चांगला आहे. दीडशे."

उपयोग काय, हे विचारू नये. अगदीच नाही असं नाही. ऐन फवारणीत बगीचावाल्याचा बॅटरी पंप बसला की तो पाठीवरच्या टाकीसकट इथंच येतो. भाऊ मोटर उघडतात, अडकलेला कार्बन मोकळा करतात, वहिनींच्या शिवणाच्या सुईनं कॉम्युटेटरच्या खाचांतली काजळी काढतात, शाळेच्या खोडरबरानं तांबं चमकवतात. पैसे घेत नाहीत. "जुनी मोटर असंल तं देजा." आंबिया बहाराची संत्री येतात ती वेगळी; वहिनींच्या हिशेबात तीच खरी मजुरी.

तान्ह्या पोळ्याचा किस्सा मात्र अजून निघतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, इकडे पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात. भाऊंनी नातवाच्या बैलात वायपरची मोटर बसवली. या मोटरीची बॉडीच अर्थ असते, म्हणून ती रबरावर ठेवून नुसत्या वायरी बदलल्या की बैल मागेही जाईल अशी सोय केली. घरी अंगणात बैल झकास चालला. रांगेत मात्र कोणीतरी बटण दुसऱ्या स्पीडवर नेलं. बैल पुढे, पोरगं मागे, आणि त्यांच्या मागे भाऊ, "लोड नाही त्याच्यावर, लोड नाही!" असं ओरडत. परीक्षकांनी बक्षीस नाकारलं: बैल पोरानं ओढायचा असतो, बैलानं पोराला नाही.

लोड हा भाऊंचा आवडता शब्द. बिनालोडची मोटर कोणतीही छान फिरते, हे त्यांचं सारं तत्त्वज्ञान. भाचीसाठी स्थळ आलं, सगळ्यांनी मुलाचा बायोडाटा वाचून माना डोलावल्या. भाऊ म्हणाले, "हे तं लेबल झालं. पोराले लग्नघरी दोन दिवस कामाले लावा, गरम होते का पाहा." मुलाला खरंच मावशीच्या घरच्या लग्नात पंगतीला वाढायला उभं केलं. गरम झाला नाही. लग्न झालं. भाऊंनी आहेरात बॅटरीवर चालणारा पंखा दिला, स्वतः बनवलेला, शीळ घालणारा.

दिवाळीची साफसफाई आली की भाऊंना घराबाहेर काम निघतं. गेल्या खेपेस वहिनींनी कबाड्याला थेट दारात बोलावलं आणि पलंगाखालचे डबे पुढ्यात ओतले. तो किलोवर तोलायला लागला. वहिनींनी ढिगातली एक उचलली, अंगठ्यानं फिरवली, वायरी टेकवून पुन्हा फिरवली.

"ही तं गेलेली दिसते, वहिनी," कबाडी म्हणाला.

"तोंड कायले वाकडं करतं? बारा व्होल्टची आहे. दोनशे."