नो ट्रम्पवाले साहेब

ब्रिज खेळणाऱ्यांमध्ये ‘नो ट्रम्पवाले साहेब’ हा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी हटकून आढळतो आणि सिंधुदुर्गनगरीत तर त्याला पोषक हवामान आहे. १ मे १९८१ ला रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. ओरोसला कचेऱ्या उभ्या राहिल्या, पाठोपाठ कर्मचाऱ्यांची घरे आली, आणि कचेरी सुटल्यावर करायचे काय हा प्रश्नही आला. बाजार करायचा तर कुडाळ नाहीतर कणकवली. उरले पत्ते.

साहेब बहुधा हिशेबाच्या खात्यातून निवृत्त झालेले असतात. नियमात बसणारी गोष्ट त्यांना मनापासून आवडते, म्हणून त्यांची लाडकी बोली एक नो ट्रम्प. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, असे १५ ते १७ गुण आणि पाने चारही रंगांत सारखी विभागलेली. ही बोली दिली की साहेब खुर्चीत मागे रेलतात, कारण पुढचे सगळे ठरलेले असते. भिडूने दोन किलवर म्हटले तर तो चार पानी बदाम किंवा इस्पिक विचारतोय. दोन चौकट म्हटले तर त्याच्याकडे बदाम, दोन बदाम म्हटले तर इस्पिक.

आडवा येतो तो डावीकडचा. हा अस्सल मालवणी, ‘तीनशे चार’ या पत्त्यांच्या खेळात मुरलेला. हातात सात गुण आणि पाच इस्पिक असली तरी तो दोन इस्पिक ठोकून देतो. का, म्हणून विचारले तर म्हणतो, “गप रवान काय गावतला?” खरे तर त्याचेच बरोबर आहे. भिडूंचा संवाद एकदा तोडला की उरलेल्या पानांचे काम अर्धे होते. साहेबांना मात्र हे मधल्यामध्ये फाइल पळवण्यासारखे वाटते.

बंदोबस्त म्हणून त्यांनी खिशातल्या डायरीत सगळी तरतूद करून ठेवलेली असते. विरोधकाने डबल दिले आणि भिडूकडे बळ असले तर रिडबल. विरोधक दोन किलवर बोलला तर भिडूचे डबल म्हणजे तीच किलवरची चौकशी, बाकी सगळे पूर्ववत. त्याहून वरची बोली आली की मात्र लेबेनसोल. भिडूने दोन नो ट्रम्प म्हणायचे, साहेबांनी निमूटपणे तीन किलवर म्हणायचे, मग दुबळ्या भिडूने तिथेच थांबायचे किंवा आपला लांब रंग सांगून विषय मिटवायचा. थेट तीनची बोली दिली तर हात जोरदार. ज्या केनेथ लेबेनसोल्डच्या नावावर ही पद्धत चालते, त्याने आपण तिचे जनक नसल्याचे सांगितले होते. सहीशिवाय फिरणारा आदेश पाळण्याची सवय असल्याने साहेबांचे त्यावाचून अडत नाही.

अडते ते भिडूपाशी. विरोधकाचा रंग अडवणारे पान असले तर दोन नो ट्रम्पच्या वळणाने तीन नो ट्रम्पला जायचे, नसले तर थेट जायचे, असे डायरीत लाल शाईने लिहिलेले असते. डावीकडून दोन इस्पिक येते. भिडूकडे इस्पिकचा राजा, दश्शी, सत्ती. तो उत्साहाने थेट तीन नो ट्रम्प म्हणतो. साहेबांकडे इस्पिकची दोनच भुरटी पाने. म्हणजे अडवणारे कोणीच नाही, असा कायदेशीर निष्कर्ष काढून ते चार किलवरला पळतात आणि एका दस्ताने बुडतात. तीन नो ट्रम्प आरामात झाला असता. “साहेबांनू, राजा माझ्याकडे होतो मा!” भिडू म्हणतो. “होता, पण आपण तो नाकारलात,” साहेब म्हणतात. पुढचा पाऊण तास डायरीचे वाचन चालते, चहावर साय धरते, आणि डावीकडचा पुढची पाने वाटून मोकळा होतो.

हस्तक्षेप न होणे हा प्रकार दुर्मिळ, पण घडतो. डावीकडचा एखाद्या दिवशी सरळ पास म्हणतो. साहेब चष्म्यावरून बघतात, “पास? नक्की?” असे नियमबाह्यपणे विचारतात, डायरी चाळतात. तेवढ्यात भिडू दोन किलवर म्हणतो. ही साधी बदाम-इस्पिकची चौकशी आहे, हे साहेबांच्या ध्यानात येते तेव्हा ते पास म्हणून बसलेले असतात.