लग्नात पाऊस पडेल गं!

"काय हो वहिनी, परवा रात्री रिक्षा तुमच्याकडे आली होती ना?"

"हो ना! धाकटीला दम लागला. २२ वर्षांची पोर, दोन जिने चढली की भिंत धरून उभी. आमचे हे म्हणाले, मोबाइल. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट. जाऊबाईंनी फोनवरून विचारलं, टेन्शन आहे का? टेन्शननंही लागतो म्हणे, ओठांना मुंग्या येतात. पण तो काय जिना बघून येतो? हिला जिन्यावरच लागायचा."

"आणि ते बोटाला लावायचं यंत्र? कोविडात घेतलेलं?"

"तेच तर! लावलं की ९८. मी तिच्यावरच ओरडले, नाटकं करतेस म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलं सुनावलं. म्हणाल्या, आहेत ते टँकर भरलेत, एवढंच ते यंत्र सांगतं. टँकर आहेत किती, ते त्याला कळत नाही. तुम्ही लातूरचे उन्हाळे काढलेत, तुम्हाला काय सांगायचं! हिमोग्लोबिन निघालं ६.८. बाईमाणसाला १२ तरी हवं. टँकर निम्मे, मग हृदयाला खेपा जास्त. म्हणून ती धडधड."

"अगंबाई! खात नाही का काही?"

"खाते की. पण पाळी आठ-आठ दिवस, आणि घरात अवाक्षर नाही. वर जेवल्या जेवल्या चहा. त्यानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आणि तांदूळ निवडायला बसली की कच्चे तांदूळ मूठ मूठ तोंडात! मी आपली म्हणायचे, लग्नात पाऊस पडेल गं! तीही लोह कमी असल्याचीच खूण निघाली. आता गोळ्या, लिंबूपाण्याबरोबर. आकडा वर आला तरी तीन महिने सोडायच्या नाहीत."

"आमच्या भाच्याचं वेगळं हो. पहाटे खोकला नि छातीत शिट्टी. दमाच तो. पण घरचे पंप घेऊ देत नाहीत, सवय लागते म्हणून."

"सवय कसली डोंबलाची! बरं, डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारलं. जवळपास कबुतरं आहेत का? त्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसाला सूज आणते. धडधाकट माणसालाही दम लागायला लागतो."

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? भाऊजी रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकतात..."

"तुम्हीच सांगा बाई त्यांना. माझं कुठे ऐकतात! आणि हळूच सांगते, हल्ली तेही जिन्यात मध्येच थांबतात. विचारलं तर म्हणतात, गुडघा."